इंजिन उघडण्याआधी

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात जुन्या गाड्या कुठे सापडतात हे इथल्या मेस्त्र्यांना विचारावं. मुंबईच्या माणसाने कधीकाळी चौकजवळ, नेरळच्या अलीकडे किंवा कशेळ्याच्या रस्त्याला दोन-चार एकर घेतलेले असतात. आंबा-चिकू लावून झालेले असतात आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली वडिलांची किंवा काकांची गाडी उभी असते. सोसायटीत जागा नाही, भंगारवाल्याला द्यायला जीव होत नाही, म्हणून ती इकडे आलेली. ताडपत्री ओढली की बहुतेक वेळा फियाट निघते, अधूनमधून हेराल्ड, आणि नशीब जोरावर असेल तर दोनच माणसांची, उघड्या टपाची एमजी किंवा ट्रायम्फ. मग घरातल्या पुढच्या पिढीतलं कुणीतरी ठरवतं की हिला परत रस्त्यावर आणायची. ही पुस्तिका त्या माणसासाठी आहे.

इंजिन कसं बांधायचं याची पुस्तकं पुष्कळ आहेत. प्रत्येक गाडीचं कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल असतं, त्यात कुठला नट किती आवळायचा तेसुद्धा छापलेलं असतं. पैसे किती ठेवायचे, कधी ठेवायचे आणि कुठल्या क्रमाने सोडायचे हे मात्र कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसतं, आणि पहिल्यांदा इंजिनाला हात घालणारा नेमका तिथेच अडतो. थोडी चौकशी केली की अशी गाडी दिसतेच: बॉनेट उघडं, इंजिनाच्या जागी पोकळी, भाग गोण्यांत भरलेले, आणि मालक म्हणतो, "सध्या थांबलंय." थांबायचं कारण बहुधा तांत्रिक नसतं. त्याने एक आकडा मनात धरलेला असतो, तो लेथवाल्याकडे संपतो, आणि पिस्टन अजून यायचे असतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की इंजिन उघडण्याआधी फक्त उघडण्याचा खर्च ठरवता येतो. पुढचा आकडा मापं हातात आल्यावर. बंद बॉनेटवर हात ठेवून जो मेस्त्री पूर्ण कामाचा पक्का भाव सांगतो, त्याने एकतर भरमसाट धरलेलं असतं, नाहीतर तो काम अर्ध्यावर आवरणार असतो. दोन्हींत त्याचा फार दोष नाही. गिऱ्हाइकाला एक आकडा हवा असतो, तो त्याने दिला.

तरीही बंद इंजिनाबद्दल एक गोष्ट आधी कळू शकते, ती म्हणजे त्याचे नातेवाईक. खर्चाचा निम्मा अंदाज त्यांच्यावरूनच येतो.

फियाटपासून सुरुवात करू. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिचा कारखाना कुर्ल्याला, म्हणजे कर्जत लोकलच्याच वाटेवर. १९६४ ची फियाट ११०० डिलाइट, पुढची प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी, या सगळ्यांच्या पोटात एकच इंजिन: १०८९ सीसी, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. हे माप मूळचं १९३७ च्या फियाट ५०८ सी या गाडीचं, दान्ते जाकोसा या इंजिनियरचं. दुसरं महायुद्ध संपल्यावर तुरीनच्या चिसितालिया कंपनीने रेसिंगची गाडी करायला घेतली, तेव्हा तिने हेच इंजिन उचललं. १९४७ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत पन्नाशी ओलांडलेला ताझिओ नुवोलारी अशाच अकराशे सीसीच्या उघड्या चिसितालियात बसून, कितीतरी मोठ्या इंजिनांना मागे टाकत बराच काळ पुढे होता. पावसाने गाठलं म्हणून शेवटी दुसरा आला. त्याच कंपनीची २०२ ही बंद टपाची गाडी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. दादर स्टेशनबाहेर रांगेत उभ्या असणाऱ्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं इंजिन या घराण्यातलं होतं, हे टॅक्सीत बसलेल्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. पण इतकी वर्षं इतक्या टॅक्सी धावल्यामुळे या इंजिनाचे पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, गॅस्केट इथेच होत राहिले, आणि ते हातांनी ओळखणारे मेस्त्री अजून आहेत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, ऑपेरा हाऊसच्या दुकानांत, पुण्याच्या नाना पेठेत फिरलं तर बरंच काही जमतं. म्हणून शेडमध्ये एमजी उभी असली तरी पहिलं इंजिन पद्मिनीचं करावं, असं मी उघडपणे सांगतो. चार दारांची आहे, मान्य. स्पोर्ट्स कार म्हटलं तर लोक हसतील, तेही मान्य. पण तिच्यावर शिकायची फी परवडते.

एमजीए असेल तर तिचं नातं अँबॅसेडरशी. १९५५ साली आलेल्या एमजीए १५०० मध्ये ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सीरिज इंजिन होतं, १४८९ सीसीचं, आणि आपल्या अँबॅसेडरमध्येही पुढे तेच कूळ आलं. बोअर ७३ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९, तीन मेन बेअरिंगांचा क्रँक. कूळ एक म्हणून प्रत्येक भाग एकमेकांत बसतो असं नाही. पिस्टनचा माथा, कॉम्प्रेशन, कॅम, हेड यांत फरक आहे, आणि एमजीएवर एसयूचे दोन कार्ब्युरेटर असतात, म्हणजे तो खर्च दुप्पट. पण ब्लॉक ओळखीचा आहे. कुणाही जुन्या अँबॅसेडरवाल्या मेस्त्रीला त्याची भीती वाटत नाही, आणि हे पैशांत धरण्यासारखं आहे. ट्रायम्फ स्पिटफायरची गोष्ट तशीच. १९६१ पासून मद्रासला झालेल्या स्टँडर्ड हेराल्डचं इंजिन ९४८ सीसीचं, बोअर ६३ आणि स्ट्रोक ७६. पहिल्या स्पिटफायरचं ११४७ सीसीचं, स्ट्रोक तोच ७६, बोअर तेवढा वाढवून ६९.३ केलेला.

आणि मग एमजी टीसी. युद्धानंतरची, तारेच्या चाकांची, बॉनेट लांबलचक. १९४५ ते १९४९ या काळात जेमतेम दहा हजार झाल्या. हिचं १२५० सीसीचं इंजिन दिसायला साधं आहे, पण त्याचं भारतात कुणीच नाही. भाग इंग्लंडहून, भाव पौंडांत. शिवाय त्याचे बहुतेक आटे मेट्रिक आणि नटांची डोकी मात्र व्हिटवर्थ मापाची, त्यामुळे गॅरेजातला एकही पाना नीट लागत नाही. बी-सीरिजला इंची एएफ पाने लागतात, फियाटला मिलिमीटरचे चालतात, टीसीला व्हिटवर्थचा संच वेगळा घ्यावा लागतो. हा खर्च लहान आहे, पण तो टाळण्यासाठी लोक स्लायडिंग पाना लावतात आणि सत्तर वर्षं टिकलेला नट गोल करून ठेवतात.

आता उघडण्याकडे येऊ. बंद पडलेल्या गाडीला टोचन लावून, गिअरमध्ये टाकून "एकदा फिरतंय का बघू" हा आपल्याकडचा आवडता उपाय. कृपा करून करू नका. उभ्या गाडीचं इंजिन कुठल्या तरी एका ठिकाणी थांबलेलं असतं, आणि त्या स्थितीत चारपैकी एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. चार-सहा पावसाळे त्या उघड्या व्हॉल्व्हमधून दमट हवा आत जात राहते आणि तोच एक सिलिंडर गंजतो. बाकीचे तीन आरशासारखे असू शकतात. रिंगा भिंतीला धरलेल्या असतात. टोचन लावलं की त्या तुटतात, आणि तुटलेली रिंग भिंतीवर ओरखडे काढते. त्यापेक्षा प्लग काढून आत पातळ तेल सोडावं, आठ-पंधरा दिवस दम धरावा आणि पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने हलवून पाहावं. एवढ्याला तेलाचे पैसे पुरतात. इंजिन फिरत असेल तर कॉम्प्रेशन गेजही लावावा, चारही प्लग काढून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून. चार आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत असतील तर बरं. एखादा पडलेला असेल तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा पाहावं: आकडा वर चढला तर रोग रिंगा-बोअरचा, जागेवरच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅस्केटचा.

मग इंजिन उतरवायचं. त्यासाठी चेन कप्पी भाड्याने मिळते. ती आंब्याच्या फांदीला बांधायची पद्धत इथे आहे. फांदी मोडलेली मी पाहिलेली आहे, म्हणून लोखंडी घोडा करून घेण्याचे पैसे पहिल्याच हिशोबात लिहावेत. खोलताना काढलेला प्रत्येक भाग जिथला तिथे परत जायला हवा. मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला आठ भोकं पाडून पुशरॉड ओळीने खोचावेत, टॅपेटही त्याच क्रमाने. बेअरिंग कॅपवर नंबर नसतील तर सेंटर पंचाने टिंब मारावेत. आणि हेड ॲल्युमिनियमचं असेल, जसं फियाटचं असतं, तर ब्लॉक धुणाऱ्याला दहा वेळा बजावावं की ते कॉस्टिकच्या टाकीत टाकायचं नाही. बिडाचा ब्लॉक कॉस्टिकमधून लख्ख निघतो, ॲल्युमिनियम विरघळतं.

यानंतरची मापाची बैठक सगळ्या अंदाजपत्रकाचा गाभा आहे, म्हणून तिथे जरा थांबतो.

लेथवाल्याच्या गाळ्यावर ब्लॉक बाकावर चढवलेला असतो. तो मायक्रोमीटरवर ६८ मिलिमीटर धरून डायल गेज शून्यावर आणतो आणि पहिल्या सिलिंडरमध्ये सोडतो. वरच्या टोकापाशी, पिस्टन आडवा दाबतो त्या बाजूने, काटा समजा २४ वर जातो, म्हणजे ०.२४ मिलिमीटर झीज. त्याच पातळीला गेज काटकोनात फिरवला की १५. म्हणजे सिलिंडर गोल राहिलेला नाही. खाली नेला की ५. म्हणजे वर रुंद, खाली अरुंद. अशी मापं चारही सिलिंडरची, वहीत, तारखेसह. आता प्रश्न असा येतो की या ब्लॉकला कितीवर कापायचं? चारांतला सर्वांत वाईट सिलिंडर ज्या मापावर स्वच्छ होईल, ते माप चौघांनाही लागू. वरच्या उदाहरणात ०.४० ओव्हरसाइज पुरावं. पण तो गंजलेला सिलिंडर आठवा. त्याच्या भिंतीत एका बाजूला ०.३० खोल खड्डा असेल तर व्यासात तो ०.६० होतो, आणि ०.४० वर काम भागत नाही. मग एकतर चौघांना मोठ्या मापावर न्यायचं, नाहीतर त्या एकालाच स्लीव्ह टाकून परत मूळ रांगेत आणायचं. पहिल्या वाटेने ब्लॉकचं पुढचं आयुष्य कमी होतं, दुसरीने या महिन्याचा खर्च वाढतो. मी असेन तर स्लीव्ह टाकीन. हा निर्णय काटा पाहूनच होतो. ताडपत्री काढताना तो कुणालाही करता येत नाही.

आणि इथेच पहिलटकर क्रम चुकवतात. माप झालं की उत्साहाच्या भरात बोअर करून टाकतात आणि मग पिस्टन शोधायला निघतात. त्या मापाचा संच बाजारात नसला की कापलेला ब्लॉक घेऊन बसायचं. पिस्टन आधी हातात यायला हवेत. चांगला लेथवाला पिस्टन मोजतो, त्यात कंपनीने सांगितलेला गाळा मिळवतो आणि तेवढंच कापतो. म्हणजे उघडल्याशिवाय माप नाही, मापाशिवाय पिस्टनची ऑर्डर नाही, आणि पिस्टन आल्याशिवाय बोअरिंग नाही. क्रँकचंही तसंच: जर्नल मोजायची, पुढच्या अंडरसाइजची बेअरिंगं मिळतात का ते पाहायचं, मगच ग्राइंडिंग. त्याआधी क्रँकला तडा आहे का हे तपासून घ्यावं. पोलादी क्रँकला मॅग्नेटिक तपासणी आणि ॲल्युमिनियम हेडला लाल डाय, या दोन्ही चाचण्या कारखान्यांच्या क्वालिटी विभागात रोजच्या आहेत, आणि खोपोलीच्या परिसरात पोलादाचे कारखाने आहेत, तेव्हा त्या करणारा माणूस शोधून सापडतो. तडा गेलेल्या क्रँकवर ग्राइंडिंगचे पैसे घालणं म्हणजे ते पाताळगंगेत टाकणं.

कुठल्या लेथवर जायचं, हाही प्रश्नच आहे. घाटाच्या पायथ्याची गॅरेजं ट्रकवर पोसलेली. त्यांचा हात मोठ्या मापांना बसलेला असतो, आणि त्यात काही वाईट नाही. पण जुन्या मोटारीचं काम पूर्वी केलंय का, हे विचारून पनवेल किंवा पुणे गाठायला कमीपणा मानू नये. छोटा हत्तीचं भाडं एकूण हिशोबात नगण्य असतं. भाव ठरवताना मजुरी घासाघीस करून पाडू नये; त्याऐवजी प्रत्येक कामाचं माप बिलावर लिहून मागावं. "बोअर केला" हे बिल पुरेसं नाही. किती मापाला, किती गाळ्याने, कुठल्या सिलिंडरला किती, हे लिहून देणारा माणूस काम नीट करतो असा माझा अनुभव आहे.

याच टप्प्यावर मेस्त्री म्हणेल, "साहेब, फुल इंजिन कशाला? हाफ इंजिन करू, रिंगा टाकू, बेअरिंगं टाकू, व्हॉल्व्ह घासू. चालेल." कधीकधी तो बरोबर असतो. झीज मर्यादेत असेल, क्रँक गोल असेल, गाडी महिन्यातून एकदा बाहेर निघणार असेल, तर हाफ इंजिन हा प्रामाणिक सल्ला आहे. पण वर झिजून पायरी पडलेल्या बोअरमध्ये नवी रिंग टाकली की तिची धारदार कड त्या पायरीवर आपटते आणि काही दिवसांत रिंग तुटते. तेव्हा वहीतली मापं मेस्त्रीसमोर ठेवून विचारावं. मापं नसतील तर हाफ की फुल हा वाद फक्त खिशावरून होतो.

पैशांची रचना मी पाकिटांत करतो. पहिल्या पाकिटात उघडणं, धुणं, तपासणं आणि मापं. हे लहान असतं आणि ते गेलं तरी वाईट वाटू नये. उघडून पाहिल्यावर "आत्ता नको" म्हणणं हाही चांगला निकाल आहे, फक्त भाग तेल लावून नीट गुंडाळून ठेवावेत. दुसऱ्या पाकिटात लेथ आणि इंजिनाचे भाग. याचा आकडा मापांनंतर, लेखी भाव घेऊन भरायचा. तिसरं पाकीट इंजिनाभोवतीच्या गोष्टींचं, आणि बहुतेकांच्या हिशोबात ते नसतंच. इंजिन बाहेर आलेलंच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग बदलून घ्यावं, कारण नंतर त्यासाठी सगळं पुन्हा उतरवावं लागतं. माउंटिंगची रबरं, पाण्याचे होज, वॉटर पंप, रेडिएटरची नवी जाळी, डायनॅमो, स्टार्टर, कार्ब्युरेटरचा किट. नवं इंजिन जुन्या, क्षारांनी भरलेल्या रेडिएटरवर चालवून हेड वाकवून घेतलेले लोक आहेत. माझ्या मते हे तिसरं पाकीट दुसऱ्याच्या निम्म्याहून कमी कधीच धरू नये. आणि चौथं राखीव: उघडण्याआधी एकूण अंदाजाच्या तीस टक्के, मापं झाल्यावर दहावर आणलं तरी चालेल.

पेट्रोलही याच तिसऱ्या पाकिटात येतं. २००० साली देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं. त्याआधीच्या बिडाच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या बैठका हेडमध्येच कापलेल्या असतात आणि शिशाच्या आधाराने टिकायच्या. हेड लेथवर गेलंच आहे तर एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्यावीत. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. जुना रबरी पाइप, पंपाचा पडदा, कॉर्कचं गॅस्केट हे त्यात फुगतं किंवा चिरतं, आणि गाडी पावसाळाभर उभी राहिली तर इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. पाइप आणि पडदे इथेनॉल सोसणारे घ्यावेत आणि जेट किंचित मोठा लागेल हे धरून चालावं.

परदेशातून मागवायचं असेल तर वेबसाइटवरचा भाव म्हणजे किंमत असं समजू नये. समजा भाडं आणि विमा धरून एक लाखाचा माल आला. मूळ ड्यूटी पंधरा टक्के लागली तर १५,०००. त्या ड्यूटीवर दहा टक्के सरचार्ज, १,५००. या सगळ्या बेरजेवर जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे २०,९७०. घरी येईतो १,३७,४७०, वर कुरिअरवाल्याची हाताळणी. म्हणून शेकडा चाळीस वर धरावेत आणि सगळं एकाच खेपेत मागवावं. दोन ऑइल सील विसरल्यामुळे दुसरं पार्सल मागवलं की त्या सीलांची किंमत सोन्याच्या भावाशी बोलायला लागते.

वेळेचं म्हणाल तर ते कॅलेंडर आपल्या पावसाचं आणि सणांचं आहे. नुकताच होन केलेला बोअर जुलैमध्ये कर्जतला एक रात्र उघडा ठेवा, सकाळी तांबूस दिसेल. म्हणून जून ते सप्टेंबर हे महिने कागदाचे: मॅन्युअल वाचणं, दुकानं पालथी घालणं, भाव घेणं. खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की इंजिन उघडावं. दिवाळीत लेथ बंद, कारागीर गावाला. त्याआधी मापं उरकली तर सुट्टीच्या दिवसांत पिस्टनची ऑर्डर वाटेत असते. संक्रांतीच्या आसपास बोअरिंग आणि ग्राइंडिंग, आणि जुळवणी शिमग्याच्या आधी, कारण फिटर कोकणातला असेल तर शिमग्याला तो तुमच्या इंजिनासाठी थांबणार नाही, आणि थांबवूही नये. हे वेळापत्रक एखाद्या महिन्याने घसरलं तर हरकत नाही. मे अखेरपर्यंत घसरलं तर मात्र घाई करून बंद करण्यापेक्षा भाग गुंडाळून पुढच्या दसऱ्याची वाट पाहावी.

कागदपत्रांचं थोडक्यात. आरसीवर इंजिन नंबर असतो. ब्लॉक धुताना, फेसिंग करताना तो पुसला जाणार नाही हे पाहावं, आणि ब्लॉकच बदलायची वेळ आली तर बिल घेऊन आरटीओत नोंद करावी. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते; पाटीवर व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात फेरफार केला असेल तर ती वाट बंद, आणि व्हिंटेज म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. तेव्हा "त्यात मारुतीचं इंजिन बसवून टाक" असा सल्ला देणाऱ्या मित्राला चहा पाजून वाटेला लावावं.

इंजिन सुरू झालं म्हणजे खर्च संपला असंही नाही. सपाट टॅपेटच्या या जुन्या इंजिनांना पहिल्या वीस मिनिटांत निवांत आयडलवर ठेवू नये. दोन हजाराच्या वर फेरे ठेवून कॅम आणि टॅपेट एकमेकांना बसू द्यावे लागतात, आणि त्यासाठी जस्त असलेलं ऑइल लागतं. ते ऑइल लवकरच काढून टाकायचं असतं, म्हणजे दोनदा भरायचे पैसे. पहिले पाचशे किलोमीटर कर्जत, चौक, खोपोली असे सपाटीवरचे फेरे मारावेत, एका वेगाने न चालवता कमी-जास्त करत. मग मॅन्युअल सांगेल तसं हेड पुन्हा आवळायचं. घाट त्यानंतर. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गाला ३७ ला १ असा चढ आहे आणि अनेक गाड्यांना तो चढायला आजही कर्जतला मागून ढकलायला बँकर इंजिनं जोडतात. रस्ताही काही फार दयाळू नाही. एक्सप्रेसवे होण्याआधी खोपोली सोडली की बॉनेट उघडून वाफ सोडत उभ्या राहिलेल्या फियाटी हे नेहमीचं दृश्य होतं. जुन्या रस्त्याने शिंग्रोबाच्या देवळापर्यंत चढावं, तिथे थांबावं आणि हेड गॅस्केटची कड, मागच्या सीलखालचा थेंब, तापमानाचा काटा पाहावा. रेडिएटरची आणि क्लचची खरी परीक्षा या चढावर होते, आणि त्यांचा निकाल वाईट लागला तर पैसे लागतात. चौथं पाकीट त्या दिवसापर्यंत फोडायचं नाही.

पुढची प्रकरणं या क्रमानेच आहेत: तपासणी, खोलणं, मापं, खरेदी, लेथ, जुळवणी, घाट. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी वहीत उतरवून घ्यायचा कोरा तक्ता दिला आहे. पहिलं प्रकरण कॉम्प्रेशन गेजचं आहे. तो विकत घ्यायची गरज नाही. ओळखीच्या गॅरेजमधून दोन दिवसांसाठी मागून आणा, आणि परत करताना पुसून द्या.